प्रकरणाला एक करारी

कादंबरीचं बाड खोटं ठरलं तर कात्रीबाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. मुखपृष्ठावर नाव. तेही कोपऱ्यात नाही, खाली मुंग्यांच्या रांगेसारखं नाही. मधोमध, तलवारीच्या मुठीखाली, चित्रकाराने मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या जागेत. आजवर त्यांचं नाव आतल्या पानावर, कागदाचा प्रकार आणि छापखान्याचा पत्ता यांच्यामधल्या सांदीत असायचं, आणि जागा कमी पडली की सगळ्यात आधी तेच उडायचं.

कात्रीबाई हे अर्थात टोपणनाव. त्या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या आणि त्यांच्या टेबलावर आलेलं लेखन परत जाताना निम्मं झालेलं असायचं. हे नाव ठेवलं होतं सरदारांनी. सरदार हेही टोपणनावच. जन्मभर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिलेला हा गृहस्थ प्रत्यक्षात असा, की कुत्रं गुरगुरलं तर पलीकडच्या फुटपाथवर जायचा. पण कागदावर त्याने कितीतरी सैन्यं कापून काढली होती. त्याचा नायक डावखुरा. डाव्या हाताने तलवार चालवायचा म्हणून डावखुरा. घोड्यावर बसून खिडकीतून आत उडी मारणं आणि त्याच खिडकीतून राजकन्येसह बाहेर पडणं, हा त्याचा नित्यक्रम.

सरदार गेले तेव्हा हा डावखुरा किल्ल्याच्या तटाखाली दोराला लोंबकळत होता आणि वर कुणीतरी दोर कापत होतं. मागच्या कादंबरीचा शेवटच तसा होता. शेवटच्या दर्शनाला आलेल्या एका वाचकाने डोळे पुसत पुसत मालकांना बाजूला घेतलं आणि कुजबुजत विचारलं, "दोर तुटतो का हो?"

मालक म्हणजे प्रकाशक. त्यांनी महिनाभर वाट पाहिली आणि कात्रीबाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"सरदारांनी काही लिहून ठेवलेलं दिसत नाही. तूच लिही शेवटची. तुझ्या नावाने."

"माझ्या?"

"मग काय माझ्या? तुझ्याइतकं डावखुऱ्याला कोण ओळखतं? त्याची नखं कापायची तेवढी ठेवलीयेस तू."

कात्रीबाईंनी तीन प्रकरणं लिहिली. दोर तुटला, डावखुरा खंदकात पडला, पोहत निघाला. तो काठाला लागायच्या आत सरदारांचे जावई कागदाचा जाडजूड गठ्ठा घेऊन हजर झाले.

जावई दातांचे डॉक्टर होते. त्यांनी बाड टेबलावर ठेवलं, बोटांची टोकं रुमालाला पुसली आणि म्हणाले, "शेवटची कादंबरी. पूर्ण आहे."

बाड टाइप केलेलं होतं. सरदार आयुष्यभर निळ्या शाईने, तिरक्या अक्षरात लिहीत आले होते. कात्रीबाईंच्या मनात तिथेच पहिली पाल चुकचुकली.

"हे टाइप कुणी केलं?"

"मी. त्यांचा हात थरथरायचा शेवटी. ते सांगायचे, मी बडवायचो. दवाखाना बंद झाला की."

"आम्हाला कुणी बोललं नाही. मी वर्षभर फोन करत होते. दर वेळी तुम्हीच उचलायचात आणि झोपलेत म्हणून सांगायचात."

डॉक्टर जरा घुटमळले. "तसं सांगायला सांगितलं होतं त्यांनी."

"का?"

"ते... वाचा ना तुम्ही. वाचलं की कळेल, म्हणाले होते."

घुटमळणं कात्रीबाईंनी मनात नोंदवून घेतलं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा फायदा मांडायला घेतला. यात कुणाचा फायदा, हा त्यांचा लाडका प्रश्न. लेखक प्रस्तावनेत कुणाचे आभार मानतो, इथपासून शिपाई अचानक गोड का बोलतोय, इथपर्यंत सगळीकडे त्यांनी तो लावून पाहिला होता. जावयाचा फायदा? सासऱ्याच्या नावावर आणखी एक पुस्तक, आणि वारसदार म्हणून सभासमारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची. काकूंचा, म्हणजे सरदारांच्या पत्नीचा फायदा? नवरा आणखी थोडा काळ जिवंत राहिल्यासारखा. मालकांचा फायदा तर उघडच. सगळ्यांची पानं त्यांनी उलटून पाहिली. स्वतःचं तेवढं उघडलं नाही.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर अडलं होतं.

तो शब्द म्हणजे करारी. ऐतिहासिक कादंबरीत हा शब्द नसला तर घोडे पाऊल टाकत नाहीत. मुद्रा करारी, नजर करारी, आवाज करारी, मिशा तर असतातच करारी. करारी माणूस कधी शिंकत नाही, त्याला कधी उचकी लागत नाही, आणि त्याचं पोट बिघडल्याचं कुठल्याही इतिहासात नोंदलेलं नाही. लेखकाला एखादा माणूस नीट दिसत नसला की तो त्याला करारी करून टाकतो आणि पुढच्या लढाईला लागतो. सरदारांचा तर हा शब्द म्हणजे सुपारीचं खांड होता. तो गालात धरल्याशिवाय त्यांना वाक्यच फुटायचं नाही. त्यांच्या निळ्या शाईच्या पानांवर करारी राजे करारी सेवकांना करारी हुकूम सोडायचे आणि सेवक करारी मौन पाळून करारी पावलं टाकत निघून जायचे.

कात्रीबाई ते सगळे करारी उपटून काढायच्या. प्रकरणाला एक ठेवायच्या. मग प्रुफं गेली की सरदारांचा फोन यायचा.

"किती ठेवलेस?"

"प्रकरणाला एक."

"दोन कर. म्हाताऱ्या माणसाला एवढं नाही म्हणू नये."

"सरदार, ही मंडई नाही."

"कात्री आहेस तू. अख्खी कात्री."

मग कात्रीबाई एखादा ठेवणीतला टोमणा मारायच्या आणि सरदार फोन ठेवून द्यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. कात्रीबाईंनी असे किती टोमणे मारले असतील, त्यांनाच ठाऊक नव्हतं. मारणाऱ्याच्या लक्षात ते राहत नाहीत. हा व्यवहार त्या दोघांतच होता. बाहेर एका नामवंत टीकाकाराने मोठा लेख लिहिला होता, की सरदार हा झिजलेला शब्द किती संयमाने वापरतात पाहा. प्रकरणात एकदाच, अंधाऱ्या रात्री वीज लकाकावी तसा. सरदारांनी तो लेख चौकट करून भिंतीवर लावला होता. कात्रीबाईंनी तो वाचला तेव्हा त्या बराच वेळ टेबलावरच्या कागदांची टोकं जुळवत बसल्या होत्या.

तर आता हे बाड. कात्रीबाईंनी दार लोटलं, लाल पेन्सिल कानावर खोचली आणि वाचायला घेतलं. पहिलं प्रकरण संपलं. करारी फक्त एकदा. दुसरं संपलं. एकदा. तिसऱ्यात एकदा.

त्यांनी तिन्ही प्रकरणं पुन्हा मोजली.

सरदारांनी लिहिलेलं असतं तर पानोपानी करारींचं रान माजलेलं असतं. प्रकरणाला एक हे सरदारांचं लिहिणं नव्हतंच; ते कात्रीबाईंचं कापणं होतं. ज्याने हे लिहिलं, त्याने छापील पुस्तकं समोर ठेवून सरदार शिकून घेतले होते. आणि छापील पुस्तकांत सरदारांची शैली म्हणून जे होतं, ते तर कात्रीबाईंच्या पेन्सिलीतून आलेलं.

चोर सापडला होता. तोही आपल्याच घरातल्या वस्तूवरून. कात्रीबाईंना आनंद झाला, आणि त्या आनंदाला त्यांनी कर्तव्यदक्षता असं नाव दिलं.

पुढे वाचताना संशय घट्टच होत गेला. प्रकरणाला एक तर एक, पण ते भलत्याच ठिकाणी. चौथ्या प्रकरणात करारी कुलूप. ठीक आहे, कुलूप एक वेळ चालेल. सहाव्यात करारी बादली. आठव्यात राणीसाहेबांच्या मांडीवरून उडी मारणारं करारी मांजर. शब्दाचा अर्थच न कळलेल्या माणसाने वरून मीठ भुरभुरावं तसा तो भुरभुरलेला. आणि पुढे, जखमी डावखुरा एका झोपडीत आडवा होतो तिथे: 'त्याने डोळे मिटले आणि करारी उशीवर डोकं टेकलं.'

कात्रीबाईंनी त्या उशीभोवती लाल गोल काढला. दोनदा.

बाकीची कादंबरी कशी होती? चांगली होती. फारच चांगली होती. माणसं नीट दिसत होती. राजाला सर्दी झाली होती, सेनापतीला घोड्याची भीती वाटत होती. हे कात्रीबाईंनी पाहिलं, आणि तेही त्यांनी संशयाच्याच खात्यात टाकलं. सरदारांना एवढं चांगलं कधी जमलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "सरदारांचा आवडता शब्द कोणता, सांगाल?"

 मग डॉक्टर म्हणाले, "बाई, मी दात बघतो. शब्दांचं तुम्ही बघा."

"एवढी वर्षं घरात राहून माहीत नाही?"

"माहीत असलं तरी सांगू नकोस म्हणाले होते. तुम्ही वाचलंत का पूर्ण?"

"वाचलं."

"मग?" त्या 'मग' मध्ये काहीतरी वाट पाहणारं होतं. कात्रीबाईंना ते चोराच्या काळजाच्या धडधडीसारखं ऐकू आलं. त्यांनी फोन ठेवून दिला आणि थेट मालकांच्या केबिनचं दार उघडलं.

"मालक, हे सरदारांचं नाही."

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. कात्रीबाईंनी सगळं सांगितलं. रानाबद्दल, उपटण्याबद्दल, प्रकरणाला एक ठेवण्याबद्दल. मालक ऐकत राहिले.

"तू कापतेस हे माहीत होतं. एवढं कापतेस हे माहीत नव्हतं." ते जरा विचारात पडले. "पण अगं, माणूस सुधारू शकतो की."

"सरदार? त्या वयात? मालक, ते दिवाळखोर झाले असते पण त्यांनी करारी सोडला नसता. आणि सुधारलेला माणूस असं लिहील का? हे बघा." त्यांनी उशीचं पान समोर ठेवलं.

मालकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग टेबल. "करारी उशी! अगं, करारी उशी! मानेला बांधायची का ही, की हिला मुजरा करायचा?" डोळे पुसता पुसता ते म्हणाले, "जावयाने दात उपटता उपटता कादंबरी उपटली म्हणायची. दे परत पाठवून. तू तुझं लिही."

"यात त्यांचा फायदा काय होता, ते बघा ना," कात्रीबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला. बरं, एक काम. डावखुरा सरदारांचा आहे. तो तुला वापरायचा तर काकूंची संमती हवी. तू स्वतःच जा, बाड परत कर आणि कागदावर सही घेऊन ये. गोड बोलून."

बाड परत करायला कात्रीबाई लगेच गेल्या नाहीत. गोड बोलण्याची तयारी करायला त्यांना वेळ लागला. तेवढ्या वेळात उशी मात्र गावभर फिरून आली. मालकांनी ती कागदवाल्याला सांगितली, कागदवाल्याने बांधणीवाल्याला, बांधणीवाल्याने पुस्तकाच्या दुकानात. या धंद्यात कागद हळू चालतो, विनोद धावतो.

काकूंचं घर दवाखान्याच्या मागेच होतं. मधे एकच दार. काकू शिवणकाम करायच्या. खिडकीशी मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट फ्रॉक, आणि मशीनच्या कडेला टाचण्या टोचायची एक छोटीशी कापडी गादी. एका कोपऱ्यात सरदारांची खुर्ची, तिच्या पाठीवर अजून त्यांची शाल. भिंतीवर चौकटीतला टीकाकाराचा लेख.

"ये गं कात्री, बस. कुठे बसतेस? तिथे नको, सुई असेल." काकूंनी स्टूलवरचे कपडे उचलले. "दिवसभर घरात एक कात्री, त्यात तू आलीस, दोन झाल्या. हे असते तर पळून गेले असते."

कात्रीबाईंनी पिशवीतून बाड काढलं. ठरवून आणलेली वाक्यं त्यांनी एकामागून एक ठेवली. संस्थेला फार आदर आहे. पण या लेखनाबद्दल काही शंका आहेत. त्याऐवजी डावखुऱ्याचा शेवट संस्थेतर्फे लिहून घ्यायचं ठरतंय. त्यासाठी एक छोटीशी सही.

काकूंनी निम्मंअधिक ऐकलं नाही. त्यांची नजर बाडावर होती.

"ते राहू दे. मला आधी सांग, तू हसलीस का?"

"कशाला?"

"उशीला गं! हे सारखे विचारायचे, हसेल का ती? मी म्हणायचे, हसेल हो, न हसायला काय झालं. तर म्हणायचे, तिचं काही सांगता येत नाही, ती उशीपण कापेल."

कात्रीबाईंना काही कळेना. पण हातातला संमतीचा कागद त्यांनी नकळत मांडीवर उलटा ठेवला.

"काकू, उशीचं काय?"

"आता तूच विसरलीस? तूच नाही का म्हणालीस ह्यांना फोनवर, सरदार, आता तुमच्या कादंबरीत उशी तेवढी करारी व्हायची राहिलीय. फोन ठेवला आणि हे असे बसले इथे." काकूंनी खुर्चीकडे बोट केलं. "मला वाटलं चिडले. मग बघते तर खांदे हलतायत. हसत होते. रात्रीपर्यंत हसत होते. म्हणाले, बाई खरं बोलली. आणि मग म्हणाले, एक पुस्तक असं लिहून दाखवतो की तिला कापायला काही मिळणार नाही."

काकू उठल्या आणि ती टाचण्यांची गादी घेऊन आल्या.

"हे सांगायचे, जावई टाइप करायचे, मी इथे शिवायचे. यांच्या तोंडून करारी आला की मी एक टाचणी टोचायची. टाचणी टोचली की वाक्य परत. सुरुवातीला तर गादीला जागा उरायची नाही, मी म्हणायचे अहो, हिला रक्त येईल आता. जावई वैतागायचे. म्हणायचे, बाबा, त्याचा आवाज करारी नाही तर मग कसा आहे ते तरी सांगा. तर हे डोळे मिटून बसायचे. बराच वेळ. आणि मग सांगायचे, सर्दी झालीय त्याला. लिही, राजाला सर्दी झालीय." त्या थांबल्या. "मग टाचण्या कमी कमी होत गेल्या. शेवटी तर टोचायला मिळेना. तेव्हा म्हणाले, प्रकरणाला एक मुद्दाम ठेवू या. भलत्याच ठिकाणी. तिला कापायला काहीतरी लागेल ना, नाहीतर ती आजारी पडेल."

कुलूप, बादली, मांजर.

तो फोन कात्रीबाईंना आता आठवला. बोलून झाल्यावरचा पलीकडचा खट्ट आवाज आठवला. सरदार रागावले, असं त्यांनी तेव्हा धरून चाललं होतं, आणि त्या विचाराने त्यांना थोडं बरंही वाटलं होतं. उशीची गोष्ट दोघांपलीकडे कुणालाही ठाऊक नव्हती. सरदारांनी ती इथे सांगितली नसती तर त्या बाडात ती येणं शक्यच नव्हतं.

"बरं, सही कुठे करू?" काकूंनी चष्मा शोधत विचारलं. "इथे का?"

ही सही झाली असती तर मुखपृष्ठावरची ती मोकळी जागा भरली असती. काकूंनी वाचलंही नसतं. कात्रीबाईंना ते स्पष्ट दिसत होतं, आणि कागद काकूंच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी तो घेतला, घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि पर्समध्ये टाकला.

"नको काकू. चुकीचा कागद आणला मी."

मधलं दार उघडलं. डॉक्टर पांढऱ्या कोटात उभे होते.

"हसून झालं का?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, माझी..."

"गेल्या आठवड्यात माझ्या खुर्चीत एक पेशंट होता. तोंडात कापूस. कापूस काढला, तर थुंकायच्या आधी काय बोलला माहितीये? म्हणाला, डॉक्टर, ती करारी उशी ऐकलीत का, कुणा दातवाल्याने लिहिलीय म्हणे." ते दाराला टेकले. "मी त्याचा दात भरून दिला. नीट भरून दिला."

काकू दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. त्यांना हा विनोद पोहोचलेला नव्हता.

"पुस्तक छापू या," कात्रीबाई म्हणाल्या. "मी मालकांशी बोलते. ते भलतेसलते शब्द तेवढे काढते, सरदारांना तेच..."

"बाडाची दुसरी प्रत दुसऱ्या प्रकाशकाला दिलीय मी. परवाच. अट एकच. जसंच्या तसं छापायचं. कुणाचाही हात लागता कामा नये. बाबांचं आहे की नाही ते लोकच ठरवतील."

"तसं छापलंत तर लोक सरदारांना हसतील! बादली, मांजर... ते माझ्यासाठी होतं. मी कापणार या भरवशावर ठेवलेलं होतं ते."

"हो. त्यांचा भरवसा होता तुमच्यावर." डॉक्टरांनी कोटाच्या खिशात हात घातले. "आणि आता तुम्ही कापायला तयार आहात. यात तुमचा काय फायदा, बाई?"

स्वतःचाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची कात्रीबाईंची ही पहिलीच वेळ. त्यांनी उत्तर शोधून पाहिलं. जे उत्तर होतं ते इतकं साधं होतं, की त्यांनी स्वतः ते कुणाकडून ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

शेवटी सौदा काकूंनी केला. मशीनवर फ्रॉक चढवता चढवता त्या म्हणाल्या, "जावईबापू, कापू द्या तिला. ह्यांनी तिच्यासाठीच ठेवलंय ते. पण कात्री, तू आधी तुझ्या मालकांना जाऊन सांग, मी चुकले म्हणून. जावईबापूंच्या देखत सांग. माझ्या माणसाला खोटं म्हणालीस तू."

मालकांनी ते, आणि बाड दुसऱ्या प्रकाशकाकडे गेल्याचंही, डॉक्टरांच्या समोरच ऐकलं. आधी ते समजुतीने बोलले. "चुकलीस तर चुकलीस. गाजावाजा कशाला? सही आणलीस ना?"

"नाही आणली."

"अगं, मुखपृष्ठ तयार आहे! तुझं नाव टाकायचं तेवढं बाकी आहे."

"मग नका टाकू."

"तिथे काय टाकू मग? उशी?" मालक उभे राहिले. दुसऱ्याच्या दारात गेलेली कादंबरी, हातातून गेलेला डावखुरा आणि तोंडावर पाहुणा, तिन्हींचा राग एकाच माणसावर निघाला. "जा. त्या दुसऱ्याचंच काप जाऊन. इथल्या टेबलावर आता मला तुझी पेन्सिल दिसायला नको."

दुसऱ्या प्रकाशनसंस्थेत कात्रीबाई आल्या त्या कुणीच नसल्यासारख्या. कागदोपत्री अट कायम होती: पुस्तकाला कुणाचाही हात लागलेला नाही. त्यामुळे त्यांचं नाव आतल्या पानावरच्या सांदीतही येणार नव्हतं. गोदामाशेजारच्या टेबलावर त्या बसल्या आणि शेजारी डॉक्टर, राखण करायला.

"हे कुलूप काढताय? मुळापासून की वरवर?"

"फक्त करारी काढतेय. कुलूप राहील."

"दुखणार नाही ना?"

कात्रीबाईंनी वर पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा गंभीर होता, पण कोपऱ्यात कुठेतरी हसू दाबलेलं होतं. बादली गेली. मांजर गेलं. उशी आली. कात्रीबाईंनी पेन्सिल टेकवली, आणि उचलली. पान उलटलं.

"एक राहिलं," डॉक्टर म्हणाले.

"राहू दे."

"चूक आहे ना ती?"

"हो," कात्रीबाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्या हसल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग खांदे हलायला लागले. डॉक्टर पाहत राहिले. थोड्या वेळाने उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले.

कादंबरी निघाली आणि गाजली. डावखुरा दोर तुटायच्या आत दुसऱ्या दोराला धरून वर चढला. चौकटीतल्या टीकाकाराने नवा लेख लिहिला, की अखेरच्या पुस्तकात सरदारांनी तो शब्द सोडूनच दिला आहे. हा केवढा संयम! खाली एक ओळ जोडली: एका ठिकाणी तो उशीला चिकटला आहे, तो अर्थातच मुद्रितशोधकाचा गलथानपणा. वाचकांचीही पत्रं आली. नव्या प्रकाशकाने आपल्या मुद्रितशोधकाला बोलावून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं आणि डॉक्टरांनी आता आपल्याकडेच सोपवलेल्या सरदारांच्या जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांचं काम त्याच्याकडून काढून घेतलं.

हे कळताच कात्रीबाई प्रकाशकाला भेटायला गेल्या. म्हणाल्या, "ती उशी माझी आहे. मी ठेवली."

प्रकाशकाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पुस्तकाचं आतलं पान उघडलं, बोटाने वरून खालपर्यंत सांदीसकट तपासलं. "तुमचं नाव तर कुठे दिसत नाही, बाई. अटीप्रमाणे या पुस्तकाला कुणाचा हातच लागलेला नाही." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "त्याला वाचवण्यात तुमचा काय फायदा?"

तर हिशेब असा पडला. सरदारांना त्यांचं पुस्तक मिळालं. डॉक्टरांना माफी मिळाली आणि काकूंना त्यांच्या माणसाचं खरेपण. टीकाकाराला दोन लेख सुटले. मालकांनी एक कादंबरी आणि एक कात्री गमावली, पण तो त्यांच्या रागाचा खर्च. कात्रीबाईंनी मुखपृष्ठावरची जागा दिली आणि नोकरी दिली, आणि त्या बदल्यात एक हसू घेतलं, जरा उशिराच. आणि उशीचं देणं फेडलं त्या मुद्रितशोधकाने, ज्याने ती कधी डोक्याखाली घेतलीच नव्हती.